सोलापुरात क्राफ्ट बिअर पारखताना: तारखेच्या शिक्क्यापासून गुणपत्रिकेपर्यंत

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा सहज चाळिशी ओलांडतो. इथल्या दुकानांत येणारी क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या ब्रुअरीत बनलेली बिअर, बहुतेक वेळा पुण्या-मुंबईकडून किंवा त्याहूनही लांबून रस्त्याने येते. त्यामुळे ग्लासात उतरलेल्या चवीत तीन जणांचा हात असतो: बिअर बनवणाऱ्याचा, ती वाहून आणणाऱ्या-साठवणाऱ्याचा आणि ओतणाऱ्याचा. पारखणाऱ्याने हे तीन हात वेगळे ओळखायला हवेत. उन्हात तापलेल्या गोदामाचा दोष ब्रुअरच्या माथी मारला तर त्या ब्रुअरवर अन्याय होतो. उलट, ब्रुअरीतच बिघडलेली बिअर ‘प्रवासात खराब झाली असेल’ म्हणून सोडून दिली तर पुढच्या वेळी पैसे आपलेच जातात.

हा लेख चार-सहा जणांनी मिळून, घरच्या घरी पण नीट पद्धतीने बिअर पारखायची असेल तर काय करायचं याबद्दल आहे. राज्यात मद्यपरवाना लागतो. तो सगळ्यांकडे असावा. चव घेतल्यावर कुणीही गाडी चालवू नये, हेही आधीच ठरवून टाका.

खरेदी: आधी तारीख, मग लेबल

कॅन किंवा बाटली हातात घेतल्यावर सर्वांत आधी उत्पादनाची तारीख शोधा. कॅनच्या बुडाशी किंवा बाटलीच्या मानेजवळ ती छापलेली असते. ‘अमुक महिन्यांत वापरा’ ही मुदत हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या) सुगंधाबद्दल काहीच सांगत नाही. आयपीए (इंडिया पेल एल, हॉप्स भरपूर असलेली कडवट बिअर) आणि त्यातही धूसर, रसाळ हेझी आयपीए दोन महिन्यांच्या आतली असेल तरच स्पर्धेसाठी किंवा तुलनेसाठी घ्या. पिल्सनर ही फिकट सोनेरी बिअर तीन-चार महिन्यांची चालते. इम्पीरियल स्टाउटसारखी जड, जास्त मद्यार्काची बिअर वर्षभरानेही चांगली लागू शकते.

बिअर उद्योगात एक ठोकताळा वापरतात: साधारण ३२ अंश सेल्सिअसला ३ दिवसांत, २२ अंशांना ३० दिवसांत आणि ३ अंशांना ३०० दिवसांत बिअर सारखीच शिळी होते. आकडे अगदी काटेकोर मानू नयेत, पण दिशा अचूक आहे. म्हणजे मे महिन्यात दुकानाच्या बाहेरच्या मांडणीवर आठवडाभर राहिलेला कॅन कागदावर ताजा असला तरी चवीने म्हातारा झालेला असतो. म्हणून फ्रिजमधलाच माल मागा, आणि दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा: माल आल्यापासून फ्रिजमध्येच आहे की काल ठेवलाय? पारदर्शक आणि हिरव्या काचेच्या बाटल्या ट्यूबलाइटखाली उघड्या ठेवलेल्या असतील तर त्या घेऊ नका. तपकिरी काच बरी आणि कॅन सर्वांत चांगला.

पुण्यातल्या मायक्रोब्रुअरीतून ग्राउलर (नळाची बिअर घरी न्यायची मोठी बाटली) भरून आणायचा असेल तर जास्त काळजी लागते. भरण्याआधी ग्राउलरमध्ये कार्बन डायऑक्साइड सोडून हवा बाहेर काढतात का, ते बघा. नळाला लांब नळी लावून ती तळापर्यंत घालून, मानेपर्यंत काठोकाठ भरलेला ग्राउलर हवा. वरून नळ सोडून, फेस उसळत भरलेल्या ग्राउलरमध्ये ऑक्सिजन मिसळलेला असतो आणि सोलापूरला पोचेपर्यंतच त्याचा परिणाम जाणवू लागतो. अडीचशे किलोमीटरच्या वाटेसाठी जाड भिंतीचा बर्फाचा डबा घ्या, त्यात बिअरइतकाच बर्फ भरा आणि डबा डिकीऐवजी एसी चालू असलेल्या गाडीच्या आत ठेवा. उन्हात उभ्या गाडीची डिकी बिअर शिजवते. घरी आल्यावर ग्राउलर उभा, फ्रिजमध्ये ठेवा. न उघडता दोन-तीन दिवसांत आणि उघडल्यावर त्याच संध्याकाळी संपवा.

एकाच बिअरचे शक्यतो दोन नग घ्या, आणि जमलं तर दोन वेगळ्या दुकानांतून. त्याचा उपयोग पुढे येईल.

वेळ, जागा आणि नाक

जीभ आणि नाक सकाळी दहा-अकराच्या सुमारास, जेवणाआधी सर्वांत तरतरीत असतात. सुटीच्या दिवशी ते जमत नसेल तर रात्री आठनंतर, जेवणाआधी बसा. त्या दिवशी चव घेण्याच्या दोन तास आधी शेंगाची चटणी, कच्चा लसूण, पान, तंबाखू आणि पुदिन्याची टूथपेस्ट वर्ज्य. लसणाचा वास नाकाच्या मागच्या बाजूने पुन्हा पुन्हा येत राहतो आणि हॉप्सच्या कांद्या-लसणासारख्या गंधकी छटा ओळखणंच अशक्य होतं. गरम चहानंतरही किमान तासभर थांबा.

खोलीत उदबत्ती, कापूर, डासांची कॉइल, ताजा फिनाइलचा पोछा यांपैकी काही नको. अत्तर, सुगंधी तेल, लिपस्टिक लावून कुणी बसू नये. लिपस्टिकने आणि तेलकट ओठांनी फेसही मरतो. पांढरा प्रकाश, टेबलावर पांढरा कागद, प्रत्येकाला स्वतंत्र पेन आणि कागद. पाणी साधं, गार नसलेलं, फिल्टरचं. बोअरच्या जड पाण्याची चव जिभेवर राहते.

जीभ साफ करायला पांढऱ्या पावाचा आतला मऊ भाग सर्वांत योग्य. आपल्याकडची ज्वारीची कडक भाकरी इतर वेळी बिअरबरोबर उत्तम, पण पारखताना टाळावी, कारण तिच्या भाजल्याचा स्वाद माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) भाजक्या स्वादात मिसळतो आणि स्टाउटला उगाच जास्त गुण पडतात.

ग्लास

स्टीलचा पेला नको. दीडशे-दोनशे मिलिलिटरचा, तोंडाशी थोडा आत वळलेला काचेचा ग्लास घ्या. लहान वाइन ग्लास चालतो. सर्वांसाठी एकसारखे ग्लास असावेत, नाहीतर तुलना चुकते.

ग्लास स्वच्छ दिसणं पुरेसं नाही. भांडी घासायच्या साबणाचा आणि तेलाचा अदृश्य थर फेस मारतो. गरम पाणी आणि वास नसलेल्या सोड्याने ग्लास धुवा, भरपूर पाण्याने खळबळा, शेवटचं पाणी फिल्टरचं वापरा आणि पालथा जाळीवर वाळू द्या. फडक्याने पुसू नका; फडक्याचा वास आणि धागे दोन्ही काचेला लागतात. तपासायला रिकामा ग्लास पाण्यात बुडवून बाहेर काढा. पाणी आतल्या भिंतीवरून सलग पडद्यासारखं उतरलं तर ग्लास तयार. थेंब-थेंब होऊन तुटलं तर चिकटपणा उरलाय, परत धुवा. बिअर ओतल्यावर काचेच्या एकाच जागी बुडबुड्यांचे पुंजके चिकटलेले दिसले तरी अर्थ तोच.

फ्रिजरमध्ये गोठवलेला ग्लास वापरू नये. त्याच्यावरचं दव बिअर पातळ करतं, आणि दोन-तीन अंशांना सुगंध उठतच नाही.

क्रम आणि तापमान

एका बैठकीत सहा बिअर पुरेशा आहेत, आठ ही कमाल. क्रम हलक्याकडून जडाकडे, कमी कडवटपासून जास्त कडवटकडे आणि फिकटपासून भाजक्याकडे ठेवा: आधी पिल्सनर, मग विटबिअर किंवा वाइसबिअर (दोन्ही गव्हाच्या), मग पेल एल, आयपीए, स्टाउट आणि शेवटी इम्पीरियल स्टाउट. आंबट बिअर गव्हाच्या बिअरनंतर आणि आयपीएच्या आधी घ्या. आयपीए आधी घेतली तर पुढचा अर्धा तास जिभेवर तिचाच अंमल राहतो.

तापमान डिजिटल थर्मामीटरने ग्लासात मोजा. पिल्सनर आणि इतर हलक्या लागरसाठी (थंडाव्यात आंबवलेल्या बिअरसाठी) ५ ते ७ अंश, गव्हाच्या बिअरसाठी ६ ते ८, पेल एल आणि आयपीएसाठी ८ ते १०, स्टाउटसाठी १० ते १२ आणि इम्पीरियल स्टाउटसाठी १२-१३ अंश. फ्रिजमधून थेट ओतलेली स्टाउट चारच अंशांवर असते आणि तिच्यात फक्त भाजल्याचा कडवटपणा लागतो. उलट, उन्हाळ्यात खोली पस्तीस अंशांवर असेल तर पिल्सनर काही मिनिटांत तापते. म्हणून हलक्या बिअर एकेक करून बाहेर काढा, सगळ्या एकदम मांडून ठेवू नका. तापत जाणाऱ्या बिअरची चव घेणं मात्र उपयोगी असतं: बरेच दोष दहा अंशांच्या वर उघडे पडतात.

नावं झाकायची असतील तर एकाला वाढपी करा. तो दुसऱ्या खोलीत ओतेल, ग्लासांवर आकडे लावेल आणि चव घेणाऱ्यांना फक्त शैलीचं नाव सांगेल. शैली सांगणं आवश्यक आहे, कारण तिच्याशिवाय गुण देता येत नाहीत.

ग्लास हातात आल्यावर

प्रत्येकाला ६० ते ९० मिलिलिटर ओता. ओतताना शेवटी ग्लास सरळ करून दोन बोटं फेस येऊ द्या. फेसाविना सुगंध वर येत नाही.

आधी वास. नजर टाकण्याच्याही आधी, कारण गंधकाचे आणि इतर उडून जाणारे वास पहिल्या मिनिटातच निघून जातात. ग्लास नाकापासून वीतभर अंतरावरून एकदा फिरवा, मग जवळ आणून दोन-तीन तोकडे श्वास घ्या. आता ग्लासवर तळहात ठेवा, हलकेच गोल फिरवा, हात काढा आणि एक लांब श्वास घ्या. जे सुचेल ते लगेच लिहा: आधी माल्ट, मग हॉप्स, मग यीस्टचे फळांसारखे वा मसाल्यासारखे वास, शेवटी नको असलेलं काही. नाक बधिर झालं तर स्वतःच्या बाहीचा वास घ्या आणि पुन्हा सुरू करा.

मग रूप: रंग, गढूळपणा, फेसाचा रंग, त्याचे बुडबुडे बारीक की मोठे, आणि तो किती टिकतो.

मग घोट. १५ ते २० मिलिलिटर तोंडात घ्या, जिभेवर सगळीकडे फिरवा, गिळा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. चवीचा अर्धा भाग या उलट्या श्वासातच कळतो. वाइनसारखं थुंकून चालत नाही, कारण बिअरचा कडवटपणा गिळल्यावर जिभेच्या मागच्या भागात स्पष्ट जाणवतो. त्यानंतर वीस-तीस सेकंद थांबा आणि कडवटपणा कसा मावळतो ते बघा. चांगल्या पिल्सनरमध्ये तो स्वच्छ आणि झटकन मावळतो. खराब बिअरमध्ये तो जिभेला चिकटून राहतो, कागद चावल्यासारखा.

दुसरा घोट फक्त तोंडातल्या जाणिवेसाठी: बिअर पातळ की भरदार, बुडबुडे तीक्ष्ण की मऊ, घशात मद्यार्काची ऊब, आणि तुरटपणा. कडवट आणि तुरट यांत गोंधळ फार होतो. कडवट ही चव आहे, तुरट ही जाणीव आहे. डाळिंबाची साल चावल्यावर गालांच्या आतल्या बाजूला जे खेचल्यासारखं होतं, तो तुरटपणा.

सर्वांनी लिहून संपेपर्यंत कुणी एक शब्दही बोलू नये. पहिल्याने ‘केळं’ म्हटलं की बाकी सगळ्यांना केळंच लागतं.

शैलीप्रमाणे काय शोधायचं

बिअर परीक्षकांसाठीची सर्वाधिक वापरली जाणारी नियमावली बीजेसीपी या संस्थेची आहे. संस्था १९८५ साली सुरू झाली आणि सध्याची शैलीसूची २०२१ ची आहे. खालचे आकडे त्या चौकटीतले आहेत. आयबीयू हे कडवटपणाचं माप.

पिल्सनरपासून सुरुवात करा, कारण तिच्यात दोष लपत नाहीत. झेक प्लझेन शहरात १८४२ साली पहिली सोनेरी पिल्सनर बनली, आणि आजही झेक आणि जर्मन या दोन वाटा वेगळ्या आहेत. जर्मन पिल्स ४.४ ते ५.२ टक्के मद्यार्क, २२ ते ४० आयबीयू, फिकट, कोरडी आणि टोकदार कडवट. झेक पिल्सनर ३० ते ४५ आयबीयूची, रंगाने गडद सोनेरी, पावाच्या कडेसारख्या माल्टने भरलेली आणि तोंडात गोलसर. गंमत अशी की झेकमध्ये किंचित लोण्यासारखी छटा चालते आणि जर्मनमध्ये तीच छटा दोष ठरते. शैली आधी सांगायची ती यासाठीच.

गव्हाच्या बिअरमध्ये सर्वाधिक घोळ होतो, कारण लेबलवर फक्त ‘गव्हाची’ म्हणतात आणि आत दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. जर्मन वाइसबिअरमध्ये किमान निम्मा माल्ट गव्हाचा असतो, मद्यार्क ४.३ ते ५.६ टक्के, कडवटपणा फक्त ८ ते १५ आयबीयू. तिच्यातला केळ्याचा आणि लवंगेचा वास बाहेरून घातलेला नसतो, यीस्ट तो तयार करतं. साधारण १७ अंशांना आंबवली तर लवंग वर येते, २२ अंशांकडे केळं. बुडबुडे भरपूर, फेस दाट आणि टिकाऊ. बेल्जियन विटबिअर मात्र मोड न आणलेल्या गव्हाची, धणे आणि संत्र्याची साल घातलेली, दुधाळ पांढुरकी, ४.५ ते ५.५ टक्के, ८ ते २० आयबीयू. आपल्याकडच्या ‘व्हाइट’ नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक बिअर या वळणाच्या असतात. धणे आले म्हणून वाइसबिअरचे गुण कापा, केळं आलं नाही म्हणून विटबिअरचे कापू नका. विटबिअरमधले धणे ताजे कुटलेले लागले पाहिजेत. हॅमसारखा किंवा साबणासारखा वास येत असेल तर धण्यांची निवड वा प्रमाण चुकलंय.

अमेरिकन आयपीए ५.५ ते ७.५ टक्के आणि ४० ते ७० आयबीयू. मोसंबी, पपनस, आंबा, लिची, देवदाराचा डिंक यांपैकी काहीतरी स्पष्ट हवं आणि शेवट कोरडा हवा. गोडसर, कॅरामलसारखी आयपीए म्हणजे बहुतेक वेळा हॉप्स ओसरून माल्ट उघडा पडलेली जुनी आयपीए. हेझी आयपीए ६ ते ९ टक्के, २५ ते ६० आयबीयू, मऊ आणि रसाळ. तिचा रंग पिवळा-नारिंगी असायला हवा. राखाडी किंवा जांभळट तपकिरी दिसली तर ऑक्सिजनने तिची वाट लागली आहे, चव घेण्याआधीच नोंद करा. हेझी पिताना घशात खरखर, जळजळ होत असेल तर हॉप्सचे कण खाली बसू न देता भरलेली आहे.

स्टाउटमध्ये भाजलेपण आणि करपलेपण यांच्यातली रेषा ओळखायची. आयरिश स्टाउट ३.८ ते ५ टक्क्यांची, २५ ते ४५ आयबीयूची, कोरडी आणि कॉफीसारखी. ती काळी असली तरी जड नसते. ओटमील स्टाउटमध्ये जिभेवर रेशमी गुळगुळीतपणा हवा. नायट्रोजनवर ओतलेल्या स्टाउटमध्ये बुडबुड्यांचा टोकदारपणा नसणं हा दोष नाही. राख चाटल्यासारखी चव आणि सोबत तुरटपणा आला तर भाजका माल्ट जास्त पडलाय किंवा पाण्याची आम्लता सांभाळलेली नाही. इम्पीरियल स्टाउट ८ ते १२ टक्के आणि ५० ते ९० आयबीयू. छातीत ऊब यावी, नाकात स्पिरिट झोंबू नये.

आंबट शैलींत दोन गोष्टी बघा: आंबटपणा ताकासारखा स्वच्छ आहे की व्हिनेगरसारखा झणझणीत. बर्लिनर वाइस अवघी २.८ ते ३.८ टक्क्यांची असते, गोझमध्ये धणे आणि मीठ असतं. मीठ जाणवावं, खारट लागू नये. आंबा, कोकम वगैरे घातलेल्या बिअरला मूळ शैली आणि फळ या दोन्हींचे गुण द्या. फक्त फळाचा रस लागत असेल तर गुण कमी.

दोष: ब्रुअरी, वाट की ग्लास

ब्रुअरीतले दोष आधी. लोणी, पॉपकॉर्न, जिभेवर निसरडेपणा हे डायअॅसिटिलचं लक्षण. यीस्ट ते बनवतं आणि वेळ मिळाला तर स्वतःच परत शोषून घेतं. लागर आंबण्याच्या शेवटी दोन-तीन दिवस १८ अंशांच्या आसपास ठेवली नाही तर ते मागे राहतं. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा, शिजवलेल्या कोबीचा वास म्हणजे डीएमएस हे गंधकाचं संयुग. फिकट माल्टचा रस झाकण ठेवून उकळला, पुरेसा वेळ उकळला नाही किंवा हळूहळू गार केला तर तो उरतो. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर घाईने बाहेर काढलीय. दवाखान्यातल्या पट्टीचा, औषधाचा वास पाण्यातल्या क्लोरीनमुळे किंवा जंगली यीस्टमुळे येतो. नेलपॉलिशसारखा आणि डोकं धरणारा मद्यार्काचा झोत म्हणजे आंबवण गरम जागी झालं आहे. तुरटपणा बहुतेक वेळा धान्य धुताना पाणी ७७ अंशांच्या वर गेल्याने किंवा शेवटचा पातळ रस ओढत राहिल्याने येतो.

वाटेतले दोष सोलापुरात सर्वाधिक भेटतात. ओल्या पुठ्ठ्याचा, जुन्या वहीचा वास म्हणजे ऑक्सिजन आणि उष्णता. त्यामागचं नॉनेनाल नावाचं द्रव्य इतकं तीव्र असतं की एक अब्ज भागांत दहाव्या भागाइतकं असलं तरी जाणवतं. गडद बिअरमध्ये हाच म्हातारपणा शेरी, मनुका, मधासारखा लागतो आणि जड शैलींत थोडा शोभतोही. दुसरा वाटेतला दोष प्रकाशाचा. सूर्यप्रकाशात हॉप्समधली कडू द्रव्यं तुटून गंधकाचं संयुग बनतं आणि जळक्या रबरासारखा, उग्र वास येतो. इथल्या उन्हात ग्लास गच्चीत ठेवला तर काही मिनिटं पुरतात, म्हणून दिवसा उघड्यावर बसून परीक्षण करू नये.

ग्लास आणि नळाचे दोष निराळे. फेस झपाट्याने मरणं म्हणजे साबण किंवा तेल. नळाच्या बिअरमध्ये लोणी आणि आंबटपणा एकत्र आला आणि त्याच ब्रुअरीच्या कॅनमध्ये ते नसेल तर नळ्या दोन आठवड्यांतून एकदा धुतल्या जात नाहीत, असं समजा. तांब्याच्या नाण्यासारखी चव आली तर बिअर हाताच्या मागच्या बाजूला चोळून वास घ्या. वास आला तर धातू बिअरमध्येच आहे.

इथे दुसरा नग उपयोगी पडतो. पहिल्या कॅनमध्ये पुठ्ठा लागला आणि दुसऱ्या दुकानातल्या, त्याच तारखेच्या कॅनमध्ये नाही, तर दोष वाटेतला. दोन्हींत लोणी लागलं तर ब्रुअरीतला.

गुणपत्रिका

एकूण ५० गुण: सुगंध १२, रूप ३, चव २०, तोंडातली जाणीव ५, एकूण प्रभाव १०. आधी वर्णन पूर्ण लिहा, मग गुण द्या. उलट केलं तर वर्णन गुणांना सोयीचं होतं.

एक नमुना. वाइसबिअर, कॅन, तारीख अडीच महिन्यांपूर्वीची. सुगंध: लवंग मध्यम, केळं मंद, गव्हाच्या ताज्या पावाचा वास, ऊब आल्यावर किंचित पुठ्ठा, ८. रूप: फिकट सोनेरी, धूसर, दाट आणि टिकणारा फेस, ३. चव: लवंग आणि पाव छान, शेवटी मंद शिळेपणा, १३. जाणीव: बुडबुडे भरपूर, मध्यम भरदार, तुरटपणा नाही, ४. एकूण: नीट बनवलेली, ताजेपणा हरवलेली, ६. बेरीज ३४. या मापात ३० ते ३७ म्हणजे ‘खूप चांगली’, ३८ ते ४४ ‘उत्कृष्ट’, ४५ च्या वर अप्रतिम. २१ ते २९ चांगली, १४ ते २० जेमतेम. कितीही बिघडलेली असली तरी १३ च्या खाली जाऊ नये, हा परीक्षकांचा शिरस्ता आहे.

सगळ्यांचे गुण सात गुणांच्या आत असतील तर सरासरी घ्या. फरक त्याहून मोठा असेल तर उरलेली बिअर पुन्हा ओता आणि टोकाच्या दोघांनी आपापलं वर्णन मोठ्याने वाचावं. बहुतेक वेळा एकाला एखादा वास येतच नसतो. डायअॅसिटिल काही जणांना अजिबात कळत नाही, हे नाकाचं जन्मजात वेगळेपण असतं. आपला आंधळा कोपरा कुठला हे माहीत असलं की परीक्षण प्रामाणिक राहतं.

नाकाला सराव

दोष ओळखायला ते मुद्दाम बनवून चाखावे लागतात. साध्या, हलक्या लागरचे ३३० ते ३५५ मिलिलिटरचे नग घ्या. एक कोरा ठेवा, बाकीच्यांत एकेक गोष्ट मिसळा: बटर इसेन्सचे ४-५ थेंब, कॅनबंद मक्याचं पाणी ३ मोठे चमचे, केळ्याच्या इसेन्सचे ६-८ थेंब, पांढरं व्हिनेगर पाऊण छोटा चमचा, व्होडका ३-४ छोटे चमचे. तुरटपणासाठी डाळिंबाची वाळलेली साल गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून, गाळून, ते गार पाणी एकेक चमचा वाढवत घाला. मिसळताना जोरात ढवळू नका, बुडबुडे जातात. औषधी वासाचा सराव जंतुनाशक घालून कधीही करू नये, ते विष आहे.

शिळेपणासाठी एकाच तारखेचे दोन कॅन घ्या: एक फ्रिजमध्ये, दुसरा आठवडाभर खोलीतल्या कपाटात. काचेची बाटली वापरू नका आणि कॅनही उन्हात ठेवू नका. आतला दाब वाढून फुटू शकतो. खोलीतला कॅन चाखण्याआधी एक रात्र फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे दोन्ही सारख्या तापमानाचे होतील. मग तीन ग्लास ओता: दोन एका कॅनचे, एक दुसऱ्याचा, आणि वेगळा कुठला ते न बघता ओळखा. मे महिन्यात आठवडा पुरतो, डिसेंबरात तोच कॅन महिनाभर ठेवावा लागतो.